नौकेचा खिळा आणि त्याचा शेजारी

नौकेचें सामर्थ्य तिच्या शिडांत किंवा सुकाणूंत आहे असें वरवर पाहणारास वाटतें. परंतु फळीस फळी धरून ठेवणारा खिळा हाच तिचा खरा आधार होय. तो एकदां ठोकला कीं लांकडांत दडतो, आणि आंतून झिजला तरी भर समुद्रांत फळी सुटेपर्यंत कोणास कळत नाहीं. आमच्या किनाऱ्यावरील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ नौकेवर चालत आला आहे. म्हणून नौकेचे खिळे, बिजागऱ्या व कड्या यांसाठीं कोणता धातु घ्यावा व तो कसा घडवावा, हें ज्ञान मनुष्यास कसें मिळालें, याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें.

उष्ण समुद्रांत एक प्रकारचा किडा लांकडांत शिरून जहाजाचा तळ पोखरून टाकितो. त्यावर उपाय म्हणून इंग्रज आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ नामक युद्धनौकेचा तळ तांब्याच्या पत्र्यानें मढवून ती वेस्ट इंडीजकडे धाडिली. १७६३ सालीं तिची तपासणी झाली, तेव्हां किड्याचा उपद्रव मुळींच आढळला नाहीं. परंतु लोखंडी खिळे गंजून त्यांचा लगदा झाला होता. नवल असें, कीं कांहीं खिळे मात्र शाबूत होते. पत्र्यांबरोबर आलेला तपकिरी कागद काढावयाचा राहून गेला होता. जेथें तो तांबें व लोखंड यांच्या मध्यें आला, तेथें लोखंड वांचलें.

याचें कारण आज आपणांस ठाऊक आहे. दोन भिन्न धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस भिडले म्हणजे त्यांच्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहूं लागतो. एक झिजतो व दुसरा सुरक्षित राहतो. त्या काळीं हें कोणास माहीत नव्हतें. १७७९ पासून आरमाराच्या बहुतेक जहाजांस तांबें चढविण्यांत आलें. मध्यें कागदाचा थरही घातला. परंतु पाणी झिरपलें आणि लोखंडी बोल्टांचा तोच नाश पुन्हां दिसून आला. शेवटीं १७८३ च्या सुमारास तांब्याचे दांडे थंडपणींच लाटून कठीण करण्याची युक्ति निघाली व तांब्याचे बोल्ट वापरांत आले.

येथें कारागिरानें एक गोष्ट ध्यानीं ठेवावी. तांबें ठोकल्यानें कठीण होत जातें, व फार ठोकल्यास तडकतें. तें लाल होईतों तापवून पाण्यांत बुडविलें, कीं पुन्हां मऊ होतें. पोलादाचा गुण याच्या अगदीं उलट. तें तसें बुडविल्यास कठीण व ठिसूळ होतें.

पुढें १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही यांनीं तांब्यास लोखंडाचे किंवा जस्ताचे लहान तुकडे जोडून तांब्याची झीज थांबविली. तांबें वांचलें खरें, परंतु त्याचा अंश पाण्यांत उतरेनासा होतांच तळावर शेवाळ व कालवें यांची दाटी झाली. तथापि डेव्हींचें तत्त्व वायां गेलें नाहीं. आजही जहाजांच्या पंख्यापाशीं जस्ताचे तुकडे बसवितात, ते स्वतः झिजून इतर धातूंस राखतात.

लांकूड हेंही खिळ्याचा शेजारीच होय. विलायती ओकांतील आम्ल लोखंडास लवकर खातें. सागवानांतील तेल मात्र त्यास जपतें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागवानी जहाजें बांधिलीं, त्यांच्या कीर्तीचें हें एक कारण होय. १८१७ सालीं येथें बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडांतील हार्टलपूल येथें अद्याप पाण्यावर तरंगत आहे.

आतां निवडीविषयीं. घंटेचें कांसें गोड नाद देतें. पण त्यांत शेंकडा वीस-बावीस भाग कथील असल्यानें तें ठिसूळ असतें, नौकेच्या कामाचें नव्हे. ८८ भाग तांबें, १० भाग कथील व २ भाग जस्त यांचें जें गनमेटल, तें ओतींव कड्याबिजागऱ्यांस उत्तम. बाजारांतील पितळ स्वस्त व देखणें. परंतु खाऱ्या पाण्यांत त्यांतील जस्त निघून जातें, मागें तांबूस, सच्छिद्र सांगाडा उरतो, आणि हातोड्याच्या एका घावासरशीं पितळ उघडें पडतें. स्टेनलेस स्टील हवेंत झळकतें. पण ओल्या लांकडाच्या पोटांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें त्यासही खांचा पडतात.

सारांश, कोणताही धातु केवळ स्वतःच्या गुणानें चांगला ठरत नाहीं. त्याच्या शेजारीं कोणता धातु, कोणतें लांकूड व कोणतें पाणी आहे, हें आधीं पाहावें. ‘अलार्म’च्या खिळ्यांनीं हा धडा १७६३ सालींच दिला होता, तो न मानल्यामुळें पुढें सबंध आरमाराचे खिळे गंजले. नौका बांधतांना खिळ्यामागें दोन पैसे वांचविण्याचा मोह होतो. परंतु त्या खिळ्याच्या भरंवशावर घरचा कर्ता पुरुष रात्रीं समुद्रांत असतो, हें आमच्या बांधवांनीं विसरूं नये.