सातही दिवस ‘अंशतः ढगाळ’ : देवनहळ्ळीचा हवामान अंदाज आणि ढगांची घडण

बंगळुरू शहराच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी हे तालुक्याचे गाव टिपू सुलतानचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. २००८ पासून बंगळुरूचा आंतरराष्ट्रीय विमानतळही याच तालुक्यात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या परिसरात द्राक्षांच्या व चकोतऱ्याच्या बागा आहेत. एप्रिल-मे महिन्यांत येथील आठवड्याचा हवामान अंदाज पाहिल्यास पुष्कळदा सातही दिवसांपुढे एकच मजकूर आढळतो : आकाश अंशतः ढगाळ, सायंकाळी गडगडाटासह सरींची शक्यता.

वाचणाऱ्याला हा अंदाज वर्तवणाऱ्याचा आळस वाटतो. द्राक्ष बागायतदाराच्या दृष्टीने तर प्रश्न पैशाचा असतो. सकाळी फवारलेले औषध सायंकाळच्या सरीने धुऊन जाते आणि तयार घडांवर गारा पडल्या तर हंगामच हातचा जातो. नाशिक व सांगली जिल्ह्यांतील बागायतदारांना हे निराळे सांगावयास नको.

या मजकुरातील शब्द मात्र मोजूनमापून वापरलेले असतात. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी तीन ते चार भाग ढगांनी व्यापले असतील तर ते ‘अंशतः ढगाळ’. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. आकाशवाणीवर वर्षानुवर्षे ऐकलेल्या या शब्दांमागे असा हिशेब आहे, हे फारसे कोणी सांगत नाही.

अंदाज याहून नेमका का होत नाही, याचे उत्तर ढगाच्या जन्मात आहे. दुपारी जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होत जाते. एका उंचीवर तिच्यातील बाष्प धूळ, धूर वा मिठाच्या सूक्ष्म कणांभोवती सांद्रित होते आणि ढग दिसू लागतो. तापमान व दवबिंदू यांतील प्रत्येक अंशाच्या फरकास ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. दुपारचे तापमान ३४ अंश आणि दवबिंदू १८ अंश असेल, तर तळ जमिनीपासून अंदाजे २,००० मीटरवर. हे गणित कोणालाही घरी करता येते.

बाष्पाचे जलकण होताना उष्णता बाहेर पडते. तिच्यामुळे हवा आणखी वर रेटली जाते आणि कापसाच्या राशीसारखा क्युम्युलस ढग वाढून १२ ते १५ किलोमीटर उंचीचा क्युम्युलोनिम्बस बनतो. ढगातील जलकण इतके लहान असतात की पावसाचा एक थेंब होण्यास असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. शून्य अंशाच्या पातळीवर, म्हणजे साधारण ५ किलोमीटरच्या वर, गारा तयार होतात.

देवनहळ्ळीपासून दोन्ही समुद्र सुमारे ३०० किलोमीटर दूर आहेत. उन्हाळ्यात मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत कमी दाबाचा पट्टा निर्माण होतो आणि त्याच्याकडे दोन्ही बाजूंची दमट हवा खेचली जाते. हा पट्टा आठवडाभर टिकतो. म्हणून अंदाजाचे वाक्य बदलत नाही. एकेक ढग मात्र काही किलोमीटर रुंदीचा आणि तासाभराच्या आयुष्याचा असतो. तो देवनहळ्ळीवर फुटेल की दोड्डबळ्ळापूरवर, हे मंगळवारी बसून शुक्रवारसाठी सांगता येत नाही. आपल्याकडील वळवाच्या पावसाचीही हीच कथा.

जून ते ऑगस्टमध्ये चित्र बदलते. सह्याद्री ओलांडताना नैऋत्य वाऱ्यांतील बरेचसे बाष्प किनाऱ्याकडील उतारांवरच रिते होते. महाबळेश्वरचा पाऊस वाईला मिळत नाही तो याच कारणाने. त्यामुळे बंगळुरू परिसरात आभाळ भरलेले असूनही भुरभुरच अधिक असते. मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा. त्याला अपवादही असतात : २ जून २०२४ रोजी शहरात १११.१ मिलिमीटर पाऊस झाला आणि जूनमधील एका दिवसाच्या पावसाचा १८९१ चा विक्रम मोडला. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे विमानांना खोळंबवणारे धुके हा जमिनीला टेकलेला ढगच होय.

बागायतदारासाठी व्यवहार्य मार्ग दोन अंदाज एकत्र वाचण्याचा आहे. दर मंगळवारी व शुक्रवारी मिळणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यातील पुढील पाच दिवसांच्या अंदाजावरून फवारणीचा आठवडा ठरवावा. प्रत्यक्ष दिवस ठरवताना हवामान विभागाचा तीन तासांचा तात्कालिक अंदाज पाहावा. तोवर ढग जन्माला आलेला असतो आणि रडारवर दिसतो. विजेच्या सूचनेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप उपलब्ध आहे. गडगडाट ऐकू येताच बागेतील लोखंडी तारांच्या मांडवापासून दूर जाऊन पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा.