होळकरांची ड्यूसेनबर्ग

इंदूरच्या होळकर घराण्याचा उदय घोड्याच्या पाठीवर झाला, आणि त्या घराण्याच्या राजवैभवाची परदेशात आज सर्वाधिक बोलली जाणारी खूण मात्र एक मोटार आहे. पहिल्या मल्हाररावांनी घोडदळाच्या बळावर माळव्यात पाय रोवले. त्यानंतर दोनशे वर्षांनी त्यांच्या गादीवर आलेल्या यशवंतरावांनी १९३६ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग नावाची अमेरिकन गाडी स्वतःसाठी घडवून घेतली. या गाडीची कथा म्हणजे केवळ एका राजाच्या हौसेची कथा नव्हे. एखादी वस्तू कोणाची असते, हा जुना प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली, तेव्हा यशवंतराव अठरा वर्षांचेही झाले नव्हते. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून १९३० मध्ये त्यांनी राज्याची पूर्ण सूत्रे हाती घेतली. त्यांची अभिरुची आपल्याकडील राजेरजवाड्यांहून निराळी होती. जडजवाहिरापेक्षा नव्या घाटाची, साध्या रेषांची वस्तू त्यांना अधिक मोह घाली. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग महाल उभारला आणि ब्रांकुसीची पक्षिशिल्पे विकत घेतली. ड्यूसेनबर्ग ही त्याच रसिकतेची संतती होय.

इंडियानापोलिसच्या या कारखान्याची पद्धत मोठी विलक्षण होती. कारखाना केवळ सांगाडा आणि यंत्र देई. वरचे अंग ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून घडवून घ्यावयाचे. यशवंतरावांनी ते काम लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीकडे सोपविले. एका ओळीत आठ सिलिंडर, सुमारे ६.९ लिटरचे यंत्र, त्याला हवेचा दाब वाढविणारा सुपरचार्जर, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. एवढे सारे बळ, आणि तेही सुमारे चार मीटर अंतरावरील चाकांच्या लांबलचक सांगाड्यावर, अवघ्या दोन माणसांच्या बैठकीसाठी! गरजेचा येथे प्रश्नच नव्हता. शिल्पकार दगडातून जशी उड्डाणाची रेषा काढतो, तशी वेगाची रेषा पत्र्यातून काढण्याचा हा प्रयत्न होता.

परंतु १९३७ साल उजाडले आणि कारखानाच बंद पडला. त्याच वर्षी महाराणी संयोगिताराजे यांचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. पुढे महायुद्ध आले, स्वातंत्र्य आले, आणि १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. राज्य गेले, तनखा उरला. १९६१ मध्ये यशवंतराव गेले, आणि १९७१ मध्ये तनखेही रद्द झाले. ज्या गाडीचा एकेक सुटा भाग बंद पडलेल्या कारखान्याबरोबरच दुर्मीळ झाला, ती गाडी बाळगणे म्हणजे हत्ती पोसण्यासारखेच. त्या काळात देशातील कित्येक संस्थानिकांच्या गाड्या परदेशी ग्राहकांच्या हाती गेल्या, आणि होळकरांची ड्यूसेनबर्गही आपल्या जन्मभूमीला, अमेरिकेला, परतली. १९८० मध्ये मोनॅको येथे माणिकबागेतील सामानाचाही लिलाव झाला. काळ्या आणि पांढऱ्या संगमरवरी पक्ष्यांची जोडी तर १९७३ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने घेतली होती.

वस्तू विकली की मालकी संपते, हा व्यवहाराचा नियम. येथे मात्र त्याचे उलटेच घडले. गाडी नव्या धन्यांकडे गेली, तरी जगभरचे संग्राहक तिला ‘महाराजा होळकरांची ड्यूसेनबर्ग’ म्हणूनच ओळखतात. जुन्या धन्याची आठवण हाच तिच्या मोलाचा मोठा अंश होऊन बसला आहे. विकणाऱ्याने गाडी दिली, पण नाव देता आले नाही; घेणाऱ्याने पैका मोजला, पण नाव पुसावेसे त्याला वाटले नाही.

तथापि या आठवणीत एक न्यून आहे, आणि ते आपण मराठी माणसांनीच दाखवून दिले पाहिजे. संग्राहकांना राजाचे नाव हवे असते, कारागिराचेही हवे असते. गाडीचे तेलपाणी पाहणारा, रात्रीबेरात्री दिवा धरून यंत्राशी झटणारा इंदूरचा मिस्त्री कोण होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. ज्या रयतेच्या महसुलावर संस्थानाचे सारे वैभव उभे होते, ती माळव्याची रयत तर त्या चकचकीत पत्र्यात कुठेच उमटत नाही. गाडी परदेशी गेली याचा शोक करावा काय? ज्या रयतेला तिच्यात बसण्याचा योग कधी आला नाही, तिने तिच्या वियोगाने रडावे, असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. गाडी तेथे सुखरूप आहे, तिची देखभाल होते, हे इष्टच म्हणावयाचे.

माणिकबागेत आता केंद्रीय करखात्याची कचेरी आहे. एके काळी जेथे कराच्या पैशाला सौंदर्याचे रूप आले, तेथे आज त्या पैशाचा हिशेब होतो. संस्थानी काळाचा असाच चोख हिशेब, कोणी काय घेतले आणि ते कोणाच्या श्रमातून आले याचा, जुन्या दप्तरांतून अजून कोणीतरी मांडावयास हवा. तो मांडला गेला, तर त्या नावाजलेल्या मोटारीच्या चरित्रात इंदूरचेही एक पान लागेल.