हस्तिदंती की मोतिया?

शेडकार्डावर हस्तिदंती आणि मोतिया या छटा जवळजवळ सारख्याच भासतात. भिंतीवर मात्र एकीची पिवळसर आणि दुसरीची करडी झाक उठून दिसते. कोऱ्या पांढऱ्या कागदाशेजारी धरल्यास ही झाक ओळखता येते. उत्तरेकडील खोलीत थेट ऊन कमी येत असल्याने प्रकाश निळसर असतो. तेथे मोतिया उदास वाटते, हस्तिदंती ऊब देते. पश्चिमेच्या उन्हात तीच हस्तिदंती अधिक पिवळी दिसते. २७०० केल्व्हिनचे दिवे पिवळेपणा वाढवतात, ६५०० केल्व्हिनचे निळसरपणा. म्हणून दोन्ही छटांचे दोन-दोन फुटांचे नमुने भिंतीवर दोन हात देऊन रंगवावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली पाहूनच निर्णय घ्यावा. चारही भिंती रंगवून झाल्यावर चूक उमगली, तर रंग आणि मजुरी दोन्ही वाया जातात.