मुंबईतल्या गोवेकरांच्या कुडी

पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या गोव्याच्या ख्रिस्ती पुरुषांनी आपापल्या गावाच्या नावाने चालवलेले सामायिक बिऱ्हाड म्हणजे कूड. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली आणि पुढे धोबीतलाव, कावेल, डाबूल, माझगाव या भागांत अशा शेकडो कुडी झाल्या. इंग्रजीत त्यांना क्लब म्हणत. पण करमणुकीशी त्यांचा संबंध थोडाच होता. घरापासून तुटलेल्या, कामाने पिचलेल्या माणसाने परक्या शहरात वाहवत जाऊ नये, यासाठी त्या होत्या.

नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, 1799 ते 1813 दरम्यान, इंग्रजांचे सैन्य गोव्यात तळ देऊन होते. साहेबाच्या स्वयंपाकघराची आणि चाकरीची ओळख अनेक गोवेकरांना तिथे झाली. सैन्य परतले, त्यामागोमाग माणसे मुंबईला निघाली. कुणी आचारी झाले, कुणी बटलर, शिंपी किंवा बँडवाले, आणि फार मोठी संख्या जहाजांवर चढली. 1880 च्या दशकाअखेर मुरगाव बंदर कॅसलरॉकमार्गे ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला जोडले गेले. पणजीहून आगबोट होतीच. आता लोंढा, मिरज, पुणे अशी आगगाडीही मिळाली. पुण्याला गाडी बदलायची, बोरघाट उतरायचा आणि कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, कल्याण करत बोरीबंदर गाठायचे. बोरीबंदरहून धोबीतलाव चालत जाण्याच्या अंतरावर. डोक्यावर पेटी घेतलेला मुलगा गावच्या कुडीचा पत्ता विचारत तिथवर पोहोचे.

जहाजावरची कामे प्रांतवार वाटलेली असत. डेकवर कोकणातले आणि गुजरातेतले खलाशी, इंजिनाच्या भट्टीपाशी बहुधा पंजाबी आणि पठाण, तर पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर मुदपाकखाना आणि भोजनगृह गोवेकरांकडे. उतारूंच्या पहाटेच्या चहापासून रात्रीचे टेबल आवरेपर्यंत त्यांना उसंत नसे. युरोपीय खलाशांपेक्षा पगार कितीतरी कमी आणि तास जास्त. करार संपला की खरी परीक्षा सुरू होई. पुढचे जहाज मिळेपर्यंत आठवडे, कधी महिने जात. भरती दलालांच्या हाती होती, लाच दिल्याशिवाय नाव पुढे सरकत नसे आणि त्यासाठी सावकार गाठावा लागे. हातात नुकताच आलेला पगार, सोबतीला रिकामा वेळ, आणि आजूबाजूला दारूचे गुत्ते व जुगार. घरी पाठवायचे पैसे इथेच उडत.

कुडीची व्यवस्था या परिस्थितीचा विचार करूनच बेतलेली होती. चाळीतली एखादी मोठी खोली, दर्शनी भिंतीशी गावच्या संताचा आल्तार, बाकीच्या भिंतींना लागून सभासदांच्या लाकडी पेट्या. महिन्याची वर्गणी नाममात्र. सभासद समुद्रावर असला तरी त्याची पेटी जागच्या जागी राही. रात्री जमिनीवर चटई टाकून निजायचे. दारू आत आणायची नाही, बाईमाणसाला प्रवेश नाही, रात्री ठरल्या वेळेच्या आत परतायचे, अशी शिस्त असे. या शिस्तीचा कणा म्हणजे रोज रात्रीची तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना. आठच्या सुमारास सगळे आल्तारापुढे गुडघे टेकत आणि कोंकणीतून माळ जपत. पाच वेळा प्रभूची प्रार्थना, प्रत्येकीनंतर दहा वेळा मरियामातेची. गैरहजर राहणाऱ्याला दंड होई.

सक्तीच्या प्रार्थनेत श्रद्धा किती, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण तिचा गुण नेमका नेमात होता. प्रभूच्या प्रार्थनेत मोहात पडू न देण्याची याचना आहे. ती एकट्याने मनात म्हणणे निराळे आणि आपल्या बापाला ओळखणाऱ्या वीस जणांच्या शेजारी बसून रोज मोठ्याने म्हणणे निराळे. दिवसभर नोकरीसाठी वणवण करून हात हलवत परतलेल्या माणसाला त्या वेळी आपले दुःख समजावून सांगावे लागत नसे, कारण शेजारचाही त्यातूनच गेलेला असे. गावच्या फेस्ताला, म्हणजे संताच्या सणाला, मुंबईतही मिस्सा, लादाइन (संतांची आळवणी) आणि जेवण होई. गावच्या चर्चसाठी वर्गणी जाई.

व्यवस्थेला दोषही होते. काही गावांच्या कुडी जातीनुसार वेगळ्या होत्या. एकाच क्रुसापुढे गुडघे टेकणाऱ्यांनी हा भेद शहरातही जपला, हे विसरता येत नाही. साहेबांच्या घरी राबणाऱ्या आयांना पुरुषांच्या या बिऱ्हाडांत थारा नव्हता. पोटाची आणि मोहाची झुंज त्यांनाही होतीच.

विसाव्या शतकाच्या मध्यात कसोटीचे प्रसंग लागोपाठ आले. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर धोबीतलाव परिसरात चोरटे गुत्ते फोफावले, म्हणजे मोह आणखी जवळ आला. 1955 मध्ये भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि रेल्वेची ये-जा थांबली. समुद्रावरून परतलेल्या माणसाला मुंबईहून घर गाठणे मुश्कील झाले, घरी पैसे पाठवणेही अवघड झाले. अशा वेळी गावची खबर मिळण्याची जागा कूडच उरली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ही कोंडी फुटली.

त्यानंतर कुडींची गरजच ओसरत गेली. 1970 च्या दशकात आखाती देशांतल्या नोकऱ्या खुल्या झाल्या. उतारू जहाजांची जागा विमानांनी घेतली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर गोवा एका रात्रीच्या अंतरावर आला. मुंबईत नोकरी करणाऱ्याला बदलापूरपर्यंत पसरलेल्या उपनगरांत बायकामुलांसह घर करणे शक्य झाले. अनेक कुडी बंद पडल्या, काहींच्या जागांवरून वाद झाले. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत आणि आसपास ज्या टिकल्या, त्यांचा आधार आजही प्रामुख्याने दर्यावर्दींनाच आहे. कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी आणि कंपन्यांच्या मुलाखती यांसाठी मुंबईत येणारे तरुण तिथे उतरतात.