एका मुलासाठी शाळा : धारवाड १८५६ ते पासली

वेल्ह्याहून केळदकडे निघाले की वाटेत पासली लागते. अठरागाव मावळ म्हणतात तो हा भाग. पाठीशी तोरणा, पुढे केळद, त्यापुढे मढे घाट, आणि घाट उतरला की महाड तालुका. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. नाव बदलताना किल्ल्यांच्या इतिहासाची पुष्कळ आठवण काढली गेली. आम्हाला आज इथल्या दुसऱ्या इतिहासाची आठवण काढायची आहे. या डोंगरातल्या गरिबाच्या पोराला शाळा देताना सरकारने दर वेळी कोणता हिशेब मांडला, त्याचा हा इतिहास आहे.

शिष्यवृत्तीचा निकाल लागला, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले, 'असर'चा अहवाल आला की चार दिवस चर्चा रंगते. जिल्हा परिषदेची मुले मागे, खासगी शाळांची पुढे. 'असर'च्या पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दुसरीचा उतारा वाचू शकणारी पाचवीची मुले २०१८ मध्ये सुमारे दोन तृतीयांश होती. २०२२ मध्ये ती निम्म्याच्या थोडी वर उरली. मधल्या काळात करोना होता, शाळा बंद होत्या, शिक्षण मोबाईलवर गेले होते आणि मोबाईल सगळ्यांच्या घरी नव्हता. हे सगळे माहीत असूनही शेवटी बोट मुलाकडेच जाते. 'कच्चा आहे', 'घरी वातावरण नाही', 'यांना शिकायचेच नसते'. मित्रहो, ही वाक्ये आपल्या आजोबा-पणजोबांनीही ऐकली आहेत.

जून १८५६. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. १८५४ चा वूडचा खलिता येऊन दोनच वर्षे झाली होती आणि शिक्षण सर्वांसाठी हे धोरण कागदावर आले होते. मुंबई सरकारने या अर्जावर जे उत्तर दिले ते प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी मुळातून वाचावे. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने नाकारले नाही. पण एकट्या एका मुलासाठी, आजवर प्रवेश मागायला आलेल्या एकमेव महारासाठी, बाकीच्यांच्या उपयोगाची शाळा निकामी करण्याचा धोका पत्करणे योग्य नाही, असा त्याचा आशय होता. पुढे हिंदुस्थान सरकारने या निर्णयाबद्दल नापसंती कळवली. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळानेही सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे सांगितले. त्या मुलाच्या शाळेच्या वयातली दोन वर्षे मात्र या पत्रव्यवहारात गेली.

हे प्रकरण आज आपल्याला माहीत आहे ते बाबासाहेबांमुळे. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी सरकारचे ते उत्तर जसेच्या तसे उतरवून काढले आहे. त्याच निवेदनात एल्फिन्स्टनच्या टिपणाचाही उल्लेख आहे. खालच्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात असे मिशनऱ्यांना दिसून आले, हे एल्फिन्स्टन मान्य करतो आणि लगेच बजावतो की त्यांना खास उत्तेजन देताना जपून राहावे. म्हणजे गुणवत्ता नाही म्हणून आपल्याला शाळा मिळाली नाही, हे खोटे आहे. गुणवत्ता सरकारी कागदावर नोंदली गेली होती. भीती निराळ्याच गोष्टीची होती.

'एका मुलासाठी' हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. त्यांचा मुद्दा जितका शिक्षणाचा तितकाच तिजोरीचा होता. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. किमान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शेतकरी वर्गातून शिक्षक घडवा, त्यांना पोटापुरता पगार द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. महार-मांगांच्या मुलांना शाळेत प्रत्यक्षात बसू दिले जात नाही हेही त्यांनी सांगितले. या आयोगाच्या काळात मुंबई इलाख्याच्या हायस्कुलांत अस्पृश्य विद्यार्थी किती होते? एकही नव्हता. धोरण खुले होऊन पंचवीस वर्षे होत आली होती.

मग पैशाची सबब. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. एवढ्या मोठ्या ब्रिटिश साम्राज्याला जे परवडले नाही ते कोल्हापूरच्या छोट्या संस्थानाला परवडले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचा आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. तोरणा-राजगडाच्या पायथ्याचा मुलूखही संस्थानीच होता, पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा. पण पंतसचिव शाहू महाराज नव्हते. मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा संस्थानी हद्दीत आपोआप लागू होत नव्हता, आणि १९४८ मध्ये भोर विलीन होईपर्यंत इथल्या कष्टकऱ्याला त्या सभागृहात प्रतिनिधीही नव्हता.

त्या सभागृहात आपला माणूस उभा राहिला १२ मार्च १९२७ रोजी. आठच दिवसांनी, २० मार्चला, बाबासाहेब याच डोंगराखालच्या महाडात चवदार तळ्याचे पाणी पिणार होते. तळ्याची आठवण आपण दरवर्षी काढतो. त्या आधीच्या भाषणाची फारशी काढत नाही. शिक्षणाच्या अनुदानावरचे ते भाषण म्हणजे शुद्ध हिशेब आहे. प्रांताचे सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान लोकांकडून घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, एवढेच त्यांचे म्हणणे होते. याच गतीने गेलो तर सगळे मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षे आणि मुली यायला तीनशे वर्षे लागतील, हेही त्यांनी मांडले. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आकडा : शाळेत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात.

आज ज्याला 'संपादणुकीतली तफावत' म्हणतात, ती बाबासाहेब १९२७ मध्ये मोजत होते. पण ब्याऐंशी मुले कच्ची आहेत असे ते म्हणाले नाहीत. अर्ध्यावर सुटणारे शिक्षण म्हणजे वाया गेलेला खर्च, तेव्हा मूल पक्के साक्षर होईपर्यंत त्याला शाळेत टिकवण्यावर पैसा घाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्यांची स्थिती असमान आहे त्यांना समान वागवणे म्हणजे त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. मागास वर्गाला अधिक द्या, कारण त्यांच्यापासून अधिक हिरावले गेले आहे.

आता स्वातंत्र्यानंतरचे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, वाड्या-वस्त्यांपर्यंत शाळा गेल्या. आम्ही या शाळांवर कितीही टीका केली तरी हे विसरणार नाही की आपल्या बहुतेकांच्या घरातला पहिला शिकलेला माणूस याच शाळेतून बाहेर पडला. २००२ मध्ये घटनेत अनुच्छेद २१(क) आला, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा. घरापासून एक किलोमीटरच्या आत पाचवीपर्यंतची आणि तीन किलोमीटरच्या आत आठवीपर्यंतची शाळा, ही त्यातली मूळ कल्पना. शहरात आपण पंचवीस टक्के जागांसाठी भांडलो. २०२४ मध्ये सरकारने खासगी शाळांना दिलेली सूट उच्च न्यायालयाने रद्द केली, तो विजय मोठाच आहे. पण डोंगरातल्या वाडीला खासगी शाळेच्या पंचवीस टक्क्यांचा काय उपयोग? तिथे चालत जाण्याच्या अंतरावरची जिल्हा परिषद शाळा हाच सगळा शिक्षण हक्क आहे.

२०१८ मध्ये याच तालुक्यातल्या चांदर गावच्या शाळेची बातमी बीबीसीपर्यंत गेली. शिक्षक एक, विद्यार्थी एक. कच्च्या डोंगरी रस्त्याने रोज येणाऱ्या त्या शिक्षकाचे सर्वत्र कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण त्या कौतुकाच्या आडून प्रश्न आलाच : एका मुलासाठी शाळा कशाला? १८५६ चा तोच शब्द. तेव्हा सबब विटाळाची होती, आता पटाची आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून दोन नावे होती : नंदुरबारचे तोरणमाळ आणि आमच्या तालुक्यातले पानशेत. त्या वेळी बाहेर आलेल्या आकड्यांनुसार राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३, विद्यार्थी १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. म्हणजे शाळेला सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. हा आकडा वर्तमानपत्रांत उधळपट्टीचा पुरावा म्हणून फिरला. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आला. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तर शिक्षक शून्य. वर्ग बंद करायचा हुकूम काढावा लागत नाही, शिक्षक काढला की पुरते.

पट कमी का झाला, हे त्या आकड्यांत नसते. पुण्याच्या नळाला पाणी पुरवणारे पानशेत धरण याच तालुक्यात आहे. धरणांनी नदीकाठची जमीन नेली. उरलेल्या डोंगरउतारावर भात आणि नाचणी पिकते, त्यावर वर्ष निघत नाही. ज्यांना जमले ते पुण्याला गेले, कोणी नसरापूर-वेल्ह्यात खोली घेऊन पोरांना तिथल्या शाळेत घातले. वाडीत राहिले कोण? ज्याच्याकडे खोलीचे भाडे नाही तो. धनगरवाड्यातला, कातकरी वस्तीतला, आपल्या बौद्ध वस्तीतला. कातकऱ्याचे पोर तर दिवाळीनंतर आईबापासोबत वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाला परत येते, म्हणजे शाळेचे अर्धे वर्ष बुडालेलेच. थोडक्यात, कमी पटाची शाळा ही गाळून गाळून उरलेल्या गरिबीची शाळा आहे. तिचा निकाल शहरातल्या शाळेच्या निकालाशेजारी मांडून 'दरी' दाखवायची आणि त्याच दरीचे कारण सांगून शाळा बंद करायची, हा न्याय कुठला? जोतीरावांचा जुना हिशेब इथे पाण्याला लावून बघा. पाणी शहराला जाते, आणि ते देणाऱ्या खोऱ्यातली शाळा मात्र खर्चिक ठरते.

दुसरी बाजू आम्ही टाळणार नाही. चार मुलांच्या शाळेत खेळायला गडी नसतो, वादाला जोडीदार नसतो. एकच शिक्षक पाच इयत्ता घेतो, त्यातच पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीचे काम. अशा शाळेत मूल मागे राहते हे खरे आहे, आणि मोठी शाळा चांगली असू शकते हेही. आमच्याच काही साथींना समूह शाळा हवी आहे, आणि त्यांचे म्हणणे आम्ही मोडीत काढत नाही. तोरणमाळला निवासी शाळा आहे, तिथे मूल राहते, जेवते, शिकते. तसे मिळणार असेल तर बोलता येईल. पण आधी शाळा बंद आणि बस नंतर, असे होते तेव्हा काय घडते? जुलैत या घाटात दरड येते, धुक्यात दहा हात पुढचे दिसत नाही, ओढ्याला पाणी चढते. बस बंद पडली की मुलगा चालत जातो. मुलगी घरी राहते, पाचवीनंतर कायमची.

मुलीवरून आठवले. दुर्बल घटकांतल्या मुलींनी शाळेत यावे म्हणून राज्य सरकारने जानेवारी १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू केला. हजेरीच्या दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. तीस वर्षांनंतरही तो एक रुपयाच होता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये जो एक रुपया दंड ठेवला होता त्याचा पालकाला धाक वाटत असे. या एका रुपयात आज पेन्सिलही येत नाही.

थोडे आपल्याकडेही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला ही खंत बोलून दाखवली. आपल्यातला नोकरदार वर्ग जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकला, नोकरीला लागला आणि स्वतःची मुले त्याने तिथून काढून घेतली. आम्ही कुणाला दोष देत नाही, आमच्यातल्या अनेकांनीही तेच केले आहे. पण शाळेत बोलणाऱ्याचे मूल नसले की शाळेसाठी बोलणाराही उरत नाही. जयंतीच्या वर्गणीत लाखाचा मंडप उभा राहतो आणि गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत आपले कोण आहे हे मंडळाला ठाऊक नसते. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. बहुतेक ठिकाणी सह्या घरपोच घेतल्या जातात.

म्हणून या वर्षी पासली-केळदच्या पट्ट्यातल्या प्रत्येक वाडीची एक वही करायची आम्ही ठरवले आहे. कोणत्या घरातले मूल, कितवीत, शाळा किती दूर, वाटेत ओढा आहे का, पाचवीनंतर कोण थांबले आणि का. ही वही आधी शाळा व्यवस्थापन समितीपुढे, मग ग्रामसभेपुढे, मग पंचायत समितीत जाईल. ज्या साथींना यायचे असेल त्यांनी जुलैत यावे. अंतर पावसात चालून मोजायचे आहे. एप्रिलमध्ये ओढा कोरडा असतो, आणि सरकारी मोजणी एप्रिलमध्येच होते.