आवाज गावाचा, साज मुंबईचा

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनच्या कारखान्यातून टीव्ही संच बाहेर पडत होते, त्या काळात औरंगाबादनं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरनं, देशातल्या कितीतरी दिवाणखान्यांना पडदा पुरवला. त्या पडद्यामागून ऐकू येणारं संगीत मात्र मुंबईच्या स्टुडिओत घडत होतं. टीव्हीनं छोट्या गावांतल्या कलावंतांना दार उघडलं, असं आपण सर्रास म्हणतो. गायकांपुरतं ते खरंच आहे. गायकाच्या मागं बसलेल्या वाद्यमेळाचा जो प्रमुख, त्या संगीत संयोजकाच्या बाबतीत ते लागू पडत नाही, आणि त्याचं कारण नुसता मुंबईचा पैसा किंवा वशिला नाही. हा हुन्नर पिढीकडून पिढीकडे कसा जातो, यात ते कारण आहे.

संयोजक करतो काय? चाल संगीतकाराची असते. मुखड्याआधी काय वाजावं, दोन अंतऱ्यांमधल्या जागेत व्हायोलिन भरावीत की एकटी बासरी पुरेल, ढोलकी कुठं थांबावी, हे तो ठरवतो आणि प्रत्येक वादकापुढं नोटेशन ठेवतो. हिंदी सिनेमात हे काम प्रामुख्यानं गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी उभं केलं. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई, आणि ती मुलं पुढं पोटासाठी मुंबईला येत. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनांचं संयोजन करत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळं त्यांचं नाव देशभर पोचलं, पण ते एका खऱ्या माणसाचं आहे हे ऐकणाऱ्यांना कुठं ठाऊक होतं? मराठीत अनिल मोहिले याच वाटेनं गेले. अरुण पौडवालांसोबत ‘अनिल-अरुण’ या नावानं त्यांनी ‘अष्टविनायक’ला संगीतही दिलं. संयोजन हे सगळे शिकले ते रेकॉर्डिंगच्या खोलीत, वरिष्ठांच्या शेजारी बसून.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पण त्यामुळं संयोजक लगेच पडद्यावर आला नाही. अमेरिकेत डॉक सेव्हरिन्सन हे ट्रम्पेटवादक १९६७ ते १९९२ ‘टुनाइट शो’च्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते आणि घराघरांत त्यांचा चेहरा ओळखीचा होता. आपल्याकडे १९८८ साली ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ लागलं. चाल अशोक पत्कींची, संयोजनात लुई बँक्स, आणि लक्षात राहिले भीमसेन जोशी. १९९९मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली. ‘आभाळमाया’ मालिकेचं शीर्षकगीत पत्कींचंच, ते लोकांना तोंडपाठ होतं, पण पत्कींना पाहिलेलं फारच थोड्यांनी. संयोजकाला चेहरा मिळाला तो गाण्यांच्या स्पर्धांमुळं. तिथं दर आठवड्याला जुनी गाणी नव्या गळ्यांसाठी नव्यानं बसवावी लागतात. मूळ गाणं ज्या पट्टीत आहे ती दहा वर्षांच्या मुलाच्या गळ्याला चालत नाही. पट्टी बदलली की काही वाद्यांच्या जागा अवघड होतात, मग मधलं संगीतही थोडं फिरवावं लागतं. एखादा स्पर्धक अंतरा उचलायला चुकला, तर संयोजकानं हातानं खूण करून ठेक्याचं एक आवर्तन वाढवायचं. हे प्रेक्षकांना दिसत होतं. अशा खुणा बघण्यातही एक मजा होती, स्पर्धेच्या निकालाइतकीच.

२००८-०९च्या ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ची आठवण इथं उपयोगी पडते. अखेरच्या टप्प्यातली पाच मुलं आळंदी, अलिबाग, आरवली, लातूर आणि पुण्याची होती. मुंबईचं एकही नाही. लातूरचा रोहित राऊत त्यांच्यातलाच. मागं मात्र कमलेश भडकमकरांचं संयोजन, अमर ओक यांची बासरी, नीलेश परबांची ढोलकी, अर्चिस लेले यांचा तबला, सत्यजित प्रभूंचा कीबोर्ड: मुंबई-पुण्याच्या मैफलींत आणि स्टुडिओत तयार झालेली माणसं. महाराष्ट्राचा नकाशा पुढं आणि दोन शहरं मागं, असं ते चित्र होतं.

यावर कोणी म्हणेल, परभणी-औरंगाबादला आकाशवाणीची केंद्रं होती, मराठवाड्यात नाथराव नेरळकरांसारखे गुरू होते, मग संयोजक का घडू नये? गुरूच्या घरी गाणं तयार होतं, कारण गाण्याला तानपुरा, तबला आणि समोर बसलेला शिष्य पुरतो. आकाशवाणीचा आदर्शही एकट्या गळ्याचा होता. १९४०पासून १९७१पर्यंत तिनं पेटीलासुद्धा बंदी घातली होती, आणि १९५२ साली रविशंकरांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद उभा राहिला तो दिल्लीत. संयोजकाला शिकण्यासाठी पंधरा-वीस वादक एका खोलीत लागतात आणि त्यांना रोज काम लागतं. हे रोजचं काम सिनेमा आणि जाहिरातींमुळं होतं, म्हणून ते मुंबईतच होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आता संगणकावर सगळी वाद्यं मिळतात. संभाजीनगरच्या एखाद्या खोलीत बसून कुणीही संयोजन करू शकतो. करतातही, आणि काहींचं उत्तम असतं. पण संगणकातलं व्हायोलिन कधी ‘ही जागा या वेगात बसत नाही’ असं म्हणत नाही. ते म्हणणारा वादक समोर नसला की लिहिणाऱ्याला वाद्याची मर्यादा कळत नाही, आणि मर्यादा कळल्याशिवाय त्या वाद्याचं खरं बळही कळत नाही. संगीतकार अजय-अतुल हे मुंबईबाहेरून आलेले, रूढ शिक्षण न घेतलेले म्हणून त्यांचं उदाहरण उलट बाजूनं दिलं जातं. पण तेही आधी पुण्यात आणि मग मुंबईत गेले, वाजवणाऱ्या माणसांच्या शोधात. २०१६च्या ‘सैराट’ची गोष्ट करमाळ्याच्या मातीतली, त्यांच्या संगीतातला मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला कॅलिफोर्नियात.