पाण्याचा काठ



तळ्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. तळ्याच्या काठावर लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून मी लिहितो. मला तो हक्क आहे, कारण एक काठ मी माझ्या हातांनी घातला आहे.

मी गडचांदूरचा. सिमेंटच्या मिलमध्ये ठेकेदाराकडे कामाला. क्लिंकर आणि जिप्सम दळायचं आणि घरी येऊन नाकातून राख शिंकरायची. मिल दुरुस्तीला बंद पडली की आमची हजेरीही बंद. अशाच एका बंदीत मामा म्हणाला, "चाल माह्यासंगं, ताडोब्याकडे काम हाये. घरी बसून का कविता चाटतं का?" मामा फरशीचा मिस्त्री. जंगलाच्या कडेला एका रिसॉर्टात पोहण्याचा तलाव नवा बांधला होता, त्याच्या भोवती दगड बसवायचा होता. आम्ही चौघं गेलो.

काम सांगतो. सांगितल्याशिवाय इतिहास कळणार नाही.

आपल्याकडची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर दगड मांडला तर दोन पावसाळ्यांत सगळा काठ दात पडल्यासारखा होईल. म्हणून आधी काळी माती उपसायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुमस करायची, त्यावर दगडाची सोलिंग, त्यावर काँक्रीट. मग दोरी ताणायची. दोरीला उतार द्यायचा, पाच फुटाला साधारण इंचभर, आणि तोही तलावाकडून बाहेर. मी पहिल्या दिवशी उलटा धरला. मामा ओरडला, "अबे, लोकायच्या पायाचं पाणी तलावात घालतं का? उतार बाहेर!"

दगड होता शहाबादी, घासून गुळगुळीत न केलेला. गुळगुळीत दगडावर ओला पाय घसरतो, डोकं फुटतं. प्रत्येक दगड भिजवायचा, पाठीला सिमेंटचं पातळ कालवण फासायचं, मसाल्यावर ठेवून रबरी हातोडीनं ठोकायचं. आवाज भरीव आला तर बसला. पोकळ आला तर उचला, पुन्हा मसाला. मामाचा कान असा की तो पाठमोरा बसूनही सांगायचा, "तिसरा उचल."

तलावाला लागून जो दगड बसतो त्याचं नाक गोल करायचं, धरून वर येणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. या काठाच्या दगडाची आणि बाहेरच्या फरशीची गाठ सिमेंटनं मारायची नाही. तलावाची भिंत वेगळी हलते, जमीन वेगळी. मधल्या फटीत रबरासारखा मसाला भरायचा. मामा शाळा चौथी शिकला, पण हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. उखडलेले काठ बघून तो शिकला.

शेवटी दरजा भरणं. दोन दगडांमधली फट खरवडून साफ करायची, ओली करायची, एकास तीनचा मसाला थापीच्या टोकानं आत दाबायचा. दगडाच्या तोंडावर सांडू द्यायचा नाही. घाईचा मिस्त्री फट वरून लिंपतो, आत पोकळ राहते; पाणी शिरतं आणि दगड सुटतो. दरजा भरताना एक गोष्ट माझ्या डोक्यात आली ती अजून जात नाही. सिमेंट म्हणजे चुनखडकच, मातीबरोबर भट्टीत सुमारे 1450 अंशांवर भाजलेला आणि मिलमध्ये दळलेला. शहाबादी हाही चुनखडकच. म्हणजे दगडाच्या फटीत आम्ही भरत होतो तोही दगडच. कुणी सांगावं, मीच दळलेला असेल.

शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. आमचा राजुरा भाग आज चंद्रपूर जिल्ह्यात. पण सप्टेंबर 1948 पर्यंत दोन्हींवर निजामाचं राज्य. राजुरा तेव्हा आदिलाबादमध्ये. 1956 ला नांदेडला जोडला, 1959 ला चांद्याला. शहाबादचा दगड थरांनी सुटतो, म्हणून त्याची फरशी झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या व्हरांड्यांत आणि स्वयंपाकघरांत ती आहे. आमचा दगड भट्टीत गेला. तिकडे काय, इकडे काय, फोडणाऱ्याचे हात गरिबाचेच. वडारांत गाडीवडार दगड वाहणारे, मातीवडार माती खणणारे, जातेवडार जाती घडवणारे. कामावरून माणसाचं नाव पडलं, आणि ते नाव पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात राहिलं.

पाण्याभोवती काठ बांधायची विद्या या उपखंडात किती जुनी? मोहेंजोदडोचं मोठं स्नानकुंड साडेचार हजार वर्षांच्या आसपास जुनं. लांबी सुमारे 12 मीटर, रुंदी 7, खोली अडीच मीटरला थोडी कमी. ते विटांचं आहे. विटा इतक्या चिकटून बसवल्या की फट दिसू नये, आणि फटीत जिप्समचा मसाला. बाहेरून डांबराचा थर, पाणी झिरपू नये म्हणून. खराब पाणी बाहेर जायला मोरी. जिप्सम हा शब्द वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठलो. तीच पांढरी पोती मी रोज मिलवर बघतो. पुस्तकांत त्या कुंडाला पुरोहितांचं, धार्मिक स्नानाचं म्हणतात. असेल. पण विटांच्या दरजा पुरोहितानं भरल्या नसतील एवढं मिस्त्रीच्या भाच्याला कळतं.

आता महाडला या.

चवदार तळ्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. 1923 चा बोले ठराव, 1924 चा महाड म्युनिसिपालिटीचा ठराव, आणि 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी घेतलेली ओंजळ. मी तुम्हाला त्यातला काठ दाखवतो. त्या तळ्यावरून पुढे खटला चालला. खालचं कोर्ट, मग ठाणं, मग मुंबई हायकोर्ट. डिसेंबर 1927 ला दावा लागला तो 17 मार्च 1937 ला संपला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांचा तो निकाल मी डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन रात्री वाचला. तळं चार ते पाच एकरांचं. भोवती म्युनिसिपालिटीचे रस्ते, रस्त्यापलीकडे सवर्णांची घरं, मुसलमानांची अगदी थोडी. आणि मग एक वाक्य येतं, ज्यावर मी अडकलो. या घरमालकांपैकी पुष्कळांच्या मालकीच्या तळ्याच्या कडेला जमिनीच्या पट्ट्या होत्या, पाण्यात उतरायचे घाट होते आणि कडेचं दगडी बांधकामही होतं.

बघा आता. पाणी पावसाचं, आकाशातून पडलेलं. त्यावर मालकी सांगणं अवघड. म्हणून काठ धरायचा. पायरी माझी, दगड माझा. तू पाण्याला शिवू शकतोस, पण पाण्यापर्यंत येशील कशावरून? व्यवस्था पाण्यात नसते, ती काठावर बसलेली असते. हायकोर्टानं तळं म्युनिसिपालिटीचं ठरवलं, अस्पृश्यांना दूर ठेवायची रूढी अनादी असल्याचं सिद्ध झालं नाही असं म्हटलं, आणि सवर्णांचं अपील फेटाळलं. त्या निकालात वादी-प्रतिवादींची नावं आहेत. ज्यानं पायऱ्यांचे दगड घडवले त्याचं नाव नाही. दगड घडवताना तो दिवसभर त्याच पाण्यात हात बुडवत असणार. टाकीला पाणी लागतं, मसाल्याला पाणी लागतं. तेव्हा पाणी बाटत नाही!

26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं. कलम 15 चा दुसरा भाग काढून वाचा. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा लोकांसाठी दिलेल्या जागांच्या यादीत विहिरी आहेत, तलाव आहेत, आणि त्यापुढे स्नानाचे घाट आहेत. नुसतं तलाव लिहून भागलं असतं असं कुणाला वाटेल. मला वाटतं, ज्यांना महाड माहीत होतं त्यांना घाट वेगळा लिहिणं किती गरजेचं आहे ते माहीत होतं. त्याच कलमात हॉटेलंही आहेत, दुकानंही आहेत.

तलावाचं काम संपत आलं तेव्हा रिसॉर्टच्या माणसानं मुरियाटिक ॲसिडचा कॅन आणून ठेवला. दगडावर सिमेंटचे डाग होते, ते काढा म्हणाला. मामानं कॅनला हात लावला नाही. चुनखडकावर ॲसिड पडलं की तो फसफसतो, तोंड खाल्लं जातं, दरज भुसभुशीत होते. आम्ही डाग नायलॉनच्या ब्रशनं आणि पाण्यानं काढले. दोन दिवस जास्त लागले, त्याची मजुरी मिळाली नाही.

त्या ॲसिडवरून अमेरिका आठवते. पँथर हे नाव आपण जिथून घेतलं त्या काळ्या भावांची अमेरिका. फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन गावी मॉन्सन मोटर लॉज नावाचं हॉटेल होतं. 18 जून 1964 ला काळे कार्यकर्ते आणि त्यांचे गोरे साथी तिथल्या फक्त गोऱ्यांच्या तलावात उतरले. मॅनेजरनं काठावरून पाण्यात मुरियाटिक ॲसिड ओतलं. त्याचा फोटो आहे. मॅनेजर वाकलेला, पाण्यात माणसं ओरडताहेत. एवढ्या पाण्यात तेवढं ॲसिड पातळ होऊन जातं, आणि पाण्यातल्या एकाला ते ठाऊक होतं. त्यानं साथीदारांची भीती घालवायला त्याच पाण्याचा घोट घेतला. मी ते वाचलं आणि मला ओंजळच दिसली. महाडला आपण गेल्यावर शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं शुद्ध केलं होतं. एकाचं शास्त्र गाईचं, दुसऱ्याचं डब्यातलं. दुसऱ्या दिवशी, 19 जूनला, अमेरिकेच्या सिनेटनं नागरी हक्कांचं बिल मंजूर केलं. 2 जुलैला कायदा झाला.

कायदा झाला म्हणून काठ सुटला का? मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानं काळ्यांना आत घेण्याऐवजी शहराचे तलावच बंद करून टाकले. 1971 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतलं. सगळ्यांनाच बंद म्हणजे भेदभाव कुठे, असा हिशेब. आपल्याकडे हा हिशेब कुणी मांडला तर ओळखायला यावा, म्हणून सांगून ठेवतो.

दरजा भरल्यावर सात दिवस पाणी मारायचं असतं. ओली पोती अंथरायची, दिवसातून तीनदा भिजवायची. ते सात दिवस काठ आमचा होता. रात्री आम्ही त्यावर झोपायचो, दगड दिवसभराचं ऊन सोडत राहायचा, पाठ शेकायची. जंगलातून चितळ ओरडायचं. आठव्या दिवशी तलाव भरला. पाणी चारी बाजूंनी काठाला एकदम, एका रेषेत लागलं. मामा नुसता बघत राहिला. पाण्यासारखी लेव्हल कोणती नाही, त्यानं ती पास केली होती.

आमच्यातला धाकटा पोरगा काठावर बसला, पाय सोडले. देखरेखीचा माणूस धावत आला. "पाणी खराब होते, फिल्टर चालू आहे, उठ." जात विचारली नाही. विचारायची गरजच नव्हती. पायाला सिमेंट होतं. इथं मला एक खरं बोललं पाहिजे. पैसे मोजले तर आपला माणूसही तिथं पोहू शकतो, आणि पोहतो. आपले साहेब झालेले भाऊ सुट्टीला पोरं घेऊन जातात, गोल नाकाचा दगड धरून वर येतात. जावं त्यांनी. माझा राग त्यांच्यावर नाही. पण काठावरून ज्याला उठवलं तो पोरगा आणि पाण्यातला तो साहेब, दोघांना एका मोर्चात कसं आणायचं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुमच्याजवळ असेल तर पुढच्या अंकात लिहा.

पोरगा उठला. मामा काही बोलला नाही. हत्यारं धुवायला नळाकडे गेला. थापी, गुण्या, ओळंबा, एकेक पुसून पिशवीत घातलं. परतताना मोहर्लीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मी विचारलं, मामा, आजवर किती काठ घातले? तो बोटं मोजू लागला. दोन शाळांचे ओटे, एका दवाखान्याचा पोर्च, विहिरी पाच, घाट एक. मग थांबला.

"आन् हा. याची उत्तरेकडची बाजू पूर्ण मीच भरली. तू भरली ते दक्षिणेकडची. तिथं दोन दरजा कच्च्या हायेत, मले माहीत हाये."